'मस्ट नॉट' की 'डोन्ट हॅव टू'?

इंग्रजीतील होकारार्थी वाक्यांत 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळजवळ एकाच अर्थाने चालतात. फार तर 'मस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा आग्रह आणि 'हॅव टू'मध्ये बाहेरच्या नियमाची सक्ती अधिक जाणवते. नकारात मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, म्हणून पाहुण्याला 'यू मस्ट नॉट यूज फ्लॅश' असेच सांगावे लागते. तेथे 'यू डोन्ट हॅव टू यूज फ्लॅश' म्हटले, तर 'गरज नाही, पण वापरलात तरी चालेल' असा अर्थ होऊन भिंतीवरील रंगांची काळजी पाहुण्याच्या मर्जीवर सोपवली जाते. उलट, छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालेल्यास 'यू मस्ट नॉट हायर अ टॅक्सी' म्हटले, तर बसची सोय सुचवण्याऐवजी टॅक्सीवर बंदीच घातल्यासारखे होते. आपल्या 'टॅक्सी करायला नको' या वाक्यात दोन्ही छटा मावतात आणि घोटाळा बहुधा तेथूनच सुरू होतो. भूतकाळातील सक्तीसाठी तर 'हॅड टू'च लागते. नवशिक्याने आधी 'डोन्ट हॅव टू' पक्के करावे, असे मला वाटते, कारण मनाई 'कान्ट'नेही सांगता येते, परंतु सक्ती नसल्याचे 'मस्ट नॉट'ने कधीच सांगता येत नाही.