एस्टोनियात कंपनी की बेळगावातूनच बिल?

बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्यांपुढे हे दोन रस्ते असतात.

एस्टोनिया या युरोपीय देशाची ई-रेसिडेन्सी म्हणजे डिजिटल ओळखपत्र, ज्यावर दूर बसून तिथे कंपनी काढता येते. ना व्हिसा, ना करनिवास (कराच्या हिशेबात तिथले रहिवासी ठरणं). कार्ड घ्यायला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, उदा. दिल्लीच्या दूतावासात. कंपनीचा तिथला पत्ता आणि संपर्क-व्यक्ती यांचं शुल्क दरवर्षी. बँक खातं आपोआप मिळत नाही, आणि गाडी बहुतेक इथेच अडते. वाटून न घेतलेल्या नफ्यावर तिथे कर नाही हे खरं. पण काम तुम्ही बेळगावात बसून करता, त्यामुळे तो नफा भारतात करपात्र ठरू शकतो. शिवाय भांडवल पाठवताना बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेचा अर्ज), दरवर्षी त्या कंपनीचा कामगिरी अहवाल आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट. ते परिशिष्ट राहिलं तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

घरच्या मालकी व्यवसायाला चालू खातं, पॅन, हेस्कॉमचं वीजबिल पुरतं. उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी. नोंदणी झाली की दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा, नाहीतर 18 टक्के जीएसटी आधी भरून परतावा मागत बसावं लागतं. पैसे येताना बँकेला योग्य पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक) सांगा, एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती) जपून ठेवा. कागलला ऑफिस घेतलंत तर महाराष्ट्राची 27 ने सुरू होणारी जीएसटी नोंदणी वेगळी. बेळगावची 29 तिथे चालत नाही.

एकट्याने काम करणाऱ्याने दुसराच रस्ता धरावा. युरोपीय ग्राहक तिथल्याच कंपनीशी करार करायचा हट्ट धरत असेल, तरच पहिला. तोही सीएला विचारून.