नौपाड्यातला गुलमोहर आणि खोटं परवानगीपत्र

ठाण्याला नौपाड्यात माझ्या आत्याचं बैठं घर आहे. मागच्या अंगणातला जुना गुलमोहर स्वयंपाकघराच्या कौलांवर कलला होता. मेअखेरीस बुंध्याशी कडक अळंबी उगवलेली दिसली, टोकून पाहिलं तर आवाज पोकळ. गुलमोहराची मुळं वरवरच पसरतात, त्यात बुंधा कुजलेला. आत्या दिवसभर त्या कौलांखालीच. मी आणि आतेभाऊ घाईला आलो, आणि ती घाई समोरच्याने बरोबर ओळखली.

विजेच्या खांबावर 'झाडे कापून मिळतील' असा कागद होता. आलेला माणूस आत्याच्या पाया पडला. झाड उतरवायचे 22 हजार, परवानगीचे 6 हजार वेगळे. "महापालिकेत आपली ओळख आहे, तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" मी 14 हजार फोनवरून पाठवले. पावती मागितली नाही, ही चूक माझी. चौथ्या दिवशी परवानगीपत्राचा फोटो आला. शिक्का, सही, सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी तीन मुलं दोर आणि करवत घेऊन आली. दुपारपर्यंत गल्लीच्या बाजूच्या सगळ्या फांद्या खाली. घराकडची एकही नाही! मग तो म्हणाला, "आता क्रेन लागेल, 25 हजार अजून." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की झाडाचा तोल धरणारी बाजूच त्याने उतरवली होती. उरलेला सगळा भार कौलांवर. असं झाड दारात असताना नाही म्हणायची कोणाची छाती होईल? तरी आतेभावाने आधी काम करा म्हटलं. ते चहाला म्हणून गेले ते गेलेच. फोन बंद.

त्या रात्री पाऊस लागला. आत्याला आम्ही ऐरोलीला माझ्याकडे आणलं.

सकाळी पत्र घेऊन उद्यान विभागात गेलो. पत्र त्यांचं नव्हतंच. जावक क्रमांक नाही, तारीख रविवारची. 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते, झाडावर नोटीस लावतात. आमच्या गुलमोहरावर कधी कागदाचा कपटाही लागला नव्हता. विनापरवाना तोडीचा गुन्हा आपल्यावरही येऊ शकतो, हे ऐकून आत्या रडवेली झाली. मला तिच्याकडे बघवेना.

आम्ही खरं ते सगळं लिहून दिलं आणि रीतसर अर्ज केला. झाड धोकादायक म्हणून पाहणी लवकर झाली. परवानगी हातात आल्यावर दुसऱ्या माणसाने शेंड्यापासून तुकडे करत, प्रत्येक फांदी दोराला बांधून खाली घेतली. एक कौलही फुटलं नाही.

14 हजारांची तक्रार पोलिसांत दिली आहे, पैसे आलेले नाहीत. खांबावरचा तो कागद मी फाडला. परवा राम मारुती रोडला तसाच दुसरा दिसला, नंबर वेगळा.