पन्नाशीची गाडी: विंटेज नोंदणी घ्यावी की नेहमीचं पासिंग चालू ठेवावं?

घरात आजोबांची फियाट ११०० किंवा वडिलांची लॅम्ब्रेटा असेल आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील, तर तिच्यापुढे आता दोन वाटा आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या सुरुवातीच्या पद्मिनीही या वयाला पोचल्यात, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त हौशी संग्राहकांचा राहिलेला नाही.

एक वाट नेहमीची: दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, पासिंग करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा. दुसरी वाट जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली, ती विंटेज नोंदणीची. ती खासगी दुचाकी-चारचाकींसाठी असते आणि एकदा केली की दहा वर्षं चालते.

जुना ‘एम’चा तीन अक्षरी नंबर जाईल, या धास्तीने बरेच जण विंटेजच्या वाटेला जात नाहीत. ती धास्ती सोडा. आधी नोंदणी झालेल्या गाडीला आपला नंबर ठेवता येतो. ‘एमएच व्हीए’ अशी पाटी नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला मिळते.

खरा फरक वापरात आहे. विंटेज गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा. रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जायचं असेल, तर ते यात कुठेच बसत नाही. मला ही अट फार मोठी वाटते. जुनी गाडी चालती राहिली तरच टिकते. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये तर जास्तच, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं: गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो. विंटेज नोंदणी घेतलीच, तर पेट्रोल आणि गॅरेजच्या फेऱ्या नेमाने करा.

पैशाचं गणित लोक समजतात तसं नाही. विंटेजच्या नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००. नेहमीच्या वाटेने वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून पाच वर्षांसाठी १०,००० रुपये पडतात, म्हणजे पहिल्या दहा वर्षांत फी सारखीच. दुचाकीला मात्र पाच वर्षांचे २,०००. स्कूटरसाठी केवळ पैशाचा विचार केला तर विंटेज परवडत नाही. उलट परदेशी बनावटीच्या मोटारीला नेहमीच्या नूतनीकरणाचे ८०,००० होतात. तिथे विंटेजच घ्यावी, एवढं मी ठामपणे सांगेन.

गाडी मूळ रूपात आहे का, हेही पाहा. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी विंटेजमध्ये बसत नाही. मायलेजसाठी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेल्या फियाट कमी नाहीत. त्यांना नेहमीचीच वाट. कुठलाही अर्ज करण्याआधी चॅसी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून घ्या.

विमा दोन्हीकडे लागतोच, पण तिथे ‘विंटेज’चा अर्थ आरटीओसारखाच असेल असं धरू नका. जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या दर-नियमावलीत, १९४० अखेरपर्यंत बनलेल्या आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लबने प्रमाणित केलेल्या मोटारींनाच तो शब्द लागू होता. त्यामुळे गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरवून पॉलिसीवर लिहून देणार का, हे विमा कंपनीला आधी विचारा. नाहीतर अपघातानंतर हाती येणाऱ्या रकमेत साधा रंगही होणार नाही.