डीसोल्डरिंग गन: जुन्या संगणकांवर काही महिने वापरल्यानंतर

जुन्या होम कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत सगळ्यात जिकिरीचं काम म्हणजे चिप काढणं. नवीन चिप बसवायला फारसं कौशल्य लागत नाही, हात स्थिर असला की झालं. पण चाळीस पायांची चिप उतरवताना एक जरी पाय भोकात अडकलेला असला आणि आपण जोर लावला, की पायाबरोबर भोकातलं तांब्याचं अस्तरही बाहेर येतं. मग वरच्या आणि खालच्या बाजूचा संपर्क तुटतो आणि एका बिघाडाचे दोन होतात. सोल्डर (पाय बोर्डाला जोडणारा मिश्रधातू) ओढून घेणारा हाताने दाबायचा सकर आणि ते शोषून घेणारी तांब्याची विक (विणलेली पट्टी) यांच्यावर मी बरीच वर्षं काम भागवलं. आता काही महिने पंपवाली डीसोल्डरिंग गन वापरतोय. कमोडोर 64, झेडएक्स स्पेक्ट्रम, अमिगा 500 आणि निन्टेन्डोचा एनइएस, असं बरंच काही तिच्याखालून गेलं आहे.

माझी गन एकाच तुकड्याची आहे, पंप हँडलमागेच बसवलेला. वेगळ्या पंपाचं स्टेशन हातात हलकं पडतं, पण टेबलावर जागा खातं. पुढे पोकळ नोझल तापतं, ट्रिगर दाबला की वितळलेलं सोल्डर मागच्या नळीत ओढलं जातं.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सोल्डर वितळलं म्हणजे ट्रिगर दाबायची वेळ झाली असं नाही. नोझलखालचं सोल्डर लगेच वितळतं, पण भोकातलं आणि पलीकडच्या बाजूचं अजून घट्टच असतं. अशा वेळी ओढलं तर वरचं तेवढं निघतं, आतलं राहतं, आणि आता उष्णता आत पोहोचवायला सोल्डरच उरत नाही. म्हणून मी आधी प्रत्येक पायावर थोडं ताजं 63/37 (63 भाग कथील, 37 भाग शिसं) सोल्डर चढवतो. ते 183 अंश सेल्सिअसला वितळतं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या कोरड्या डागात, म्हणजे सोल्डरच्या जुन्या जोडात, छान मिसळतं. मग नोझल पायावर उभं धरायचं, बोर्डावर दाबायचं नाही, आणि पाय हळूहळू गोल फिरवून पाहायचा. तो भोकात मोकळा फिरायला लागला की ट्रिगर. ओढ चालू असतानाही फिरवणं थांबवायचं नाही, आणि नोझल उचलल्यावरही क्षणभर ट्रिगर दाबून ठेवायचा, नाहीतर नोझलमधलं सोल्डर तिथेच गोठतं.

कमोडोर 64 च्या 4164 रॅम चिपवर हे फार स्पष्ट दिसतं. सोळापैकी चौदा पाय बिनतक्रार मोकळे होतात. आठवा पाय 5 व्होल्टचा आणि सोळावा ग्राउंडचा. ते जाड पट्ट्यांना जोडलेले असल्यामुळे उष्णता पिऊन टाकतात. तिथे तापमान वाढवण्यापेक्षा पलीकडच्या बाजूने साधी सोल्डरिंग आयर्न टेकवून दोन्हीकडून ऊब द्यावी. सगळं झाल्यावर छोट्या स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पाय बाजूला ढकलून बघतो. मोकळा पाय बारीकसा ‘टिक्’ आवाज करून सरकतो. जो सरकत नाही, त्याच्यावर पुन्हा सोल्डर चढवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. सगळे पाय सुटल्याशिवाय चिपखाली काहीही घालून उचकटायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

गनचा खरा फायदा वेग हा नाही. तो असा, की चिप जिवंत निघते. पूर्वीचा सर्वमान्य सल्ला होता: चिपचे पाय कापा, एकेक पाय स्वतंत्र काढा, बोर्ड वाचवा. रॅमच्या बाबतीत तो आजही रास्त आहे, कारण 4164 अजून मिळते. पण कमोडोरची चित्र दाखवणारी व्हिक-टू, आवाजाची सिड, स्पेक्ट्रमची चित्र आणि बाकी बरंच सांभाळणारी यूएलए या चिपा आता कोणी बनवत नाही. नुसत्या संशयावरून सिडचे पाय कापणं मला कधीच पटलं नाही. आता संशय आला तर चिप अखंड काढता येते, चालू मशीनच्या सॉकेटमध्ये घालून तपासता येते, आणि ती निर्दोष निघाली तर नवं सॉकेट लावून परत आपल्या जागी बसवता येते. एवढंच, की सिड दुसऱ्या मशीनमध्ये घालण्याआधी तिचा नंबर वाचावा: 6581 ला 12 व्होल्ट लागतात आणि 8580 ला 9.

याचा अर्थ मशीन उघडलं की गन तापत ठेवावी, असा मात्र नाही. काढणं सोपं झालं की काढत सुटायचा मोह होतो आणि तो टाळायला हवा. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर रंगीत कचरा दिसला की सगळे रॅमवर तुटून पडतात. खालच्या 16 के रॅममधल्या 4116 चिपांना तीन व्होल्टेज लागतात: पहिल्या पायावर उणे 5, आठव्यावर 12 आणि नवव्यावर 5. ही तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर4 ट्रान्झिस्टर गेला की उणे 5 नाहीसे होतात, आणि ते नसताना बाकीचे व्होल्टेज मिळत राहिले तर चिपा जळतात. अशा बोर्डावर नव्या चिपा लावल्या तर त्याही जाणार. मल्टिमीटरने तीन पाय तपासायला मिनिटभर लागतं. ते आधी करावं.

कमोडोर 64 मध्येही पॉवर सप्लायपासूनच सुरुवात करावी. मूळ सप्लायचा रेग्युलेटर बिघडतो तेव्हा 5 व्होल्टची लाइन बरेचदा वर चढते, आणि पहिला बळी रॅमचा जातो. त्यानंतर डेड टेस्ट, म्हणजे बिघाड शोधायची कार्ट्रिज. ती मशीनला अल्टिमॅक्स मोडमध्ये नेते, म्हणजे आतला कर्नल रॉम (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) बाजूला ठेवून स्वतःचा प्रोग्रॅम चालवते, आणि खराब रॅम सापडली तर पडदा ठरावीक वेळा चमकवून चिप कोणती ते दाखवते. मात्र पत्ते जुळवणारी 74एलएस257 किंवा कोणत्या चिपची पाळी कधी ते ठरवणारी पीएलए बिघडली असेल तरी दोष रॅमवरच दिसतो. त्यामुळे कार्ट्रिजने बोट दाखवलेल्या चिपवर आधी चांगली चिप पाठीवर बसवून पाहतो. लक्षण बदललं तर गन हातात घेतो. लक्षण न बदलल्यास चिप निर्दोष ठरत नाही, कारण आतून शॉर्ट झालेली चिप वरच्या चांगल्या चिपलाही दाबून टाकते. पडदा काळाच राहिला तर कार्ट्रिज काहीच सांगू शकत नाही. तिला चालायला प्रोसेसर, व्हिक-टू आणि पीएलए शाबूत लागतात.

एनइएसमध्ये गनचा एक छोटा पण सुंदर उपयोग झाला. पॉवरचा दिवा लुकलुकत राहण्याचं मुख्य कारण 72 पिनांचा कनेक्टर, तो स्वच्छ करणं किंवा बदलणं हेच पहिलं काम. त्याउपर लॉकआउट चिपचा (कार्ट्रिज अस्सल आहे का ते तपासणारी चिप) चौथा पाय वेगळा केला की कन्सोल सारखा रीसेट होत नाही. बहुतेक जण तो पाय कापतात. गनने तेवढा एक पाय मोकळा करून वर उचलता येतो, आणि कधी वाटलं तर परत जागेवर बसवता येतो. मूळ मशीन जसं होतं तसं करता येणं मला महत्त्वाचं वाटतं.

जिथे गन निरुपयोगी आहे तेही सांगायला हवं. अमिगा 600, 1200 आणि सेगा गेम गियर यांचे गळणारे कपॅसिटर बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले असतात. तिथे भोकच नाही, तेव्हा ओढणार काय? तिथे हॉट एअर (गरम हवेचं यंत्र) किंवा दोन आयर्न लागतात. अमिगा 500 प्लसमध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी गळलेली असली तर आसपासचे डाग राखाडी-हिरवे पडतात आणि वितळायलाच तयार होत नाहीत. आधी व्हिनेगरने तो अल्कली मारायचा, पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, डाग खरवडून खाली चकचकीत धातू दिसेपर्यंत न्यायचा, मगच गन. टीव्हीला सिग्नल देणाऱ्या मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीचे जाड कानही तिला झेपत नाहीत.

गनबद्दलच्या तक्रारी अशा. वजन पुढे पडतं, मनगट भरून येतं. पंपाची हवा मागून बाहेर पडते आणि फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात त्या रसायनाचा) धूर थेट चेहऱ्याकडे येतो. टेबलावर धूर ओढणारा पंखा नसेल तर ही गन घेऊ नये. डायलवरचे आकडे अंदाज म्हणूनच धरावेत. मी खालून सुरुवात करतो आणि बोर्ड काय म्हणतो ते पाहून वाढवतो. पहिल्या वापराआधी नोझल आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात जोडणी आहे का, हे मल्टिमीटरवर पाहावं, कारण जुन्या मॉस जातीच्या चिपांना स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, सोसत नाही.

देखभाल मागते, आणि तीही रोजच्या रोज. काम संपल्यावर गन गरम असतानाच आतून सळई फिरवायची, नोझलच्या तोंडाला ताजं सोल्डर लावायचं आणि मगच बंद करायची. थंड झाल्यावर सळई घातली तर ती आतच बसते. ओढ कमी झाल्यासारखी वाटली तर पंपाला दोष देण्याआधी फिल्टर पाहावा. फ्लक्सने तो तपकिरी, कडक झालेला असतो. माझ्या गनमध्ये काही महिन्यांतच नळीच्या टोकाचं रबरी सील कडक होऊन हवा गळू लागली. सील बदलताच ओढ पूर्ववत झाली. गन घेताना सोबत फिल्टर, सील आणि 1 मिलिमीटरचं जादा नोझल मागवून ठेवा. चिपांच्या पायांना हाच आकार सगळ्यात जास्त लागतो आणि तोच सगळ्यात आधी झिजतो.