यूव्हर्जनचं बायबल ॲप : लय कामाचं आहे, पण स्ट्रीकवर समाधान मानू नका

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आता जवळपास घरोघरी हे ॲप आहे, म्हणून म्हटलं नीट लिहावं. फुकट आहे, मधात जाहिराती नाहीत, मराठीच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या आहेत आणि साध्या मोबाईलवरही बऱ्यापैकी चालते. 2008 पासून आहे, अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका चर्चनं काढलेलं. आपली जुनी ओळखीची भाषा आणि सोपी नवी भाषा, दोन्ही उघडून एकच वचन ताडून पाहता येते, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

आमच्या भागात याची गरज किती आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. यवतमाळात 1953 पासून पास्टर घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 ला ती पुण्याला गेली. आता आमचे पास्टर साहेब एकटेच कितीतरी गावं सांभाळतात, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तेही येऊ शकत नाहीत, मग आठवडाभर वचन शिकवणारं कोणी नाही. अशा ठिकाणी शेतात तुरीच्या धुऱ्यावर बसून माणूस रोमकरांस पत्र वाचून राहिला, ही लहान गोष्ट नाही भाऊ.

आता स्ट्रीकबद्दल. लागोपाठ किती दिवस ॲप उघडलं तो आकडा म्हणजे स्ट्रीक, आणि पूर्ण आठवडे किती झाले तेही ते मोजते. सुरुवातीला सवय लागायला याचा फायदा होतो, मी नाही म्हणत नाही. पण ते उघडणं मोजते, वाचलेलं पोटात गेलं का ते मोजत नाही, मोजूच शकत नाही. आणि आमच्याकडे आता उपासना सुटल्यावर पोरं एकमेकांना आकडा दाखवतात, मोठी माणसंही दाखवतात, आजचं वचन सकाळी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं की दिवसाचं काम झालं असं होऊन राहिलं. ज्याचा आकडा मोठा तो आत्मिक, असा समज बसत चालला आणि याची मला खरंच काळजी वाटते. कारण तोच माणूस भावासोबत धुऱ्याच्या भांडणावरून वर्षानुवर्षं बोलत नाही, घरात बायकोवर ओरडणं तसंच, मजुराचे पैसे अडवणं तसंच. युरिया जास्त पडला की कपाशी कमरेच्या वर जाते, हिरवीगार दिसते, आणि बोंडं धरायच्या वेळी झाडाला काही नसते, तसं हे आहे.

बायबलात इब्री लोकांस पत्र 5:12 मध्ये हेच विचारलंय. इतका काळ झाला, एव्हाना तुम्ही दुसऱ्याला शिकवणारे व्हायला पाहिजे होते, आणि तुम्हाला अजून लेकरासारखं दूधच लागते, जड अन्न नाही. हे नवीन विश्वासणाऱ्याला लिहिलेलं नाही, जुन्याला लिहिलंय. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती असलेली घरं आहेत, त्यांनी हा अध्याय आधी वाचावा असं मला वाटते.

ॲपमधले प्लॅन बरे आहेत पण बरेचसे तीन, पाच, सात दिवसांचे, चिंता, आशीर्वाद, शांती असे विषय, आणि मराठीत इंग्रजीपेक्षा कमी. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, माणूस नुसता गोडगोड वाचत राहतो आणि यिर्मया, आमोस, याकोब अशा खडसावणाऱ्या पुस्तकांच्या वाटेला जात नाही. माझं ऐकाल तर एक पूर्ण पुस्तक घ्या आणि शेवटपर्यंत वाचा.

खरी कामाची सोय म्हणजे मित्रांसोबत प्लॅन. चार-पाच जण मिळून एकच भाग वाचतात आणि खाली लिहितात. आम्ही अशीच बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण पुस्तकातली सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रं घेतली, लावदिकीया शहरातल्या मंडळीशी आलो, जिला प्रभू म्हणतो की तू गरम नाहीस, थंड नाहीस, कोमट आहेस, तेव्हा गटात जी चर्चा झाली ती आजवरच्या उपासनांमध्ये ऐकली नव्हती. पास्टर साहेबांनी सांगितलं की जवळच्या हिरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला थंड पाणी, आणि लावदिकीयात मात्र लांबून दगडी नळातून येणारं कोमट पाणी. इ.स. 60 च्या भूकंपात ते शहर पडलं तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं उभं केलं. म्हणजे आम्हाला काही कमी नाही, असं म्हणणारे ते लोक खरंच तसे होते. आणि प्रभू त्यांच्या दाराबाहेर उभा राहून ठोकतोय! गटातल्या एका काकूंनी तिथंच लिहिलं की आपल्या मंडळीला कशाची कमी वाटतच नाही, आणि दोन दिवस कोणी उत्तरच दिलं नाही. असा प्रश्न ॲप विचारत नाही, तो माणूसच विचारतो.

ज्येष्ठांसाठी एक सांगतो. ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. कवी म्हणून नाव झालं होतं, मिशनचं काम होतं, आरामात राहता आलं असतं. 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचं काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, आणि 1919 ला ते गेले. पौलही तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की मी अजून पोचलो नाही, पुढं धावतोच आहे. मग आपण कमिटीत जागा मिळाली की बसूनच जायचं काहून?

तर माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. आवृत्ती निवडताना जिच्यापुढे डाउनलोडचं चिन्ह आहे ती तालुक्याच्या गावी चांगली रेंज असताना उतरवून घ्या, म्हणजे शेतात नेटवर्क नसलं तरी वाचता येते. सकाळचं नोटिफिकेशन ठेवा, स्ट्रीककडे पाहू नका. आणि मित्रांसोबतच्या प्लॅनमध्ये तुम्हाला तोंडावर चूक सांगेल असा एक जण जरूर घ्या, नुसते आमेन टाकणारे पाच घेऊ नका.