अभ्यासिकेच्या वाय-फायसाठी ओपनडब्ल्यूआरटी आणि ‘केक’: इंदूरहून एक परीक्षण

इंदूरच्या रामबागेतील आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले एकाच ब्रॉडबँड जोडणीवर अवलंबून असतात आणि एखाद्याने डाउनलोड मॅनेजर सुरू केला की बाकीच्यांची व्याख्याने अडकू लागतात. यावर उपाय म्हणून तेथील राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली बसवून तिच्यातील ‘केक’ ही रांगव्यवस्था, म्हणजे कोणाचा डेटा आधी आणि किती जायचा हे ठरवणारी सोय, चालू करण्यात आली. हा बदल मला अत्यंत मोलाचा वाटतो.

साध्या राउटरवर बँडविड्थ साधारणपणे उपकरणांनी इंटरनेटवर उघडलेल्या जोडण्यांच्या संख्येनुसार वाटली जाते, माणसांच्या नव्हे; आणि डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलसाठी अनेक जोडण्या उघडतो. त्यामुळे एका वेळी १६ जोडण्या उघडणारा जवळजवळ १६ वाटे पळवतो. केक आधी उपकरणांमध्ये समान वाटणी करते आणि मग प्रत्येकाच्या वाट्यातून त्याच्या जोडण्यांना देते, म्हणून हावरटपणाचा लाभच उरत नाही. कोणाला रागवावे लागत नाही, पासवर्ड बदलावा लागत नाही. मात्र ‘नॅट’ (राउटरने सगळ्या उपकरणांसाठी एकच इंटरनेट पत्ता वापरणे) लक्षात घेणारा केकचा पर्याय चालू करायला हवा, नाहीतर सगळी उपकरणे केकला एकच दिसतात. शिवाय वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी लागते, कारण रांग सेवा पुरवठादाराकडे साचली तर आपल्या राउटरच्या हाती काहीच राहत नाही. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही जोडणाऱ्याला दोन वाटे मिळतात, ही उणीव आहेच.

खरी मर्यादा हवेतल्या स्वार्थाची आहे. वाय-फायमध्ये प्रत्येक उपकरणाने पाठवण्यापूर्वी यादृच्छिक काळ, सुरुवातीला ० ते १५ खाचा (वेळेचे छोटे तुकडे), थांबायचे असते, आणि आधुनिक वाय-फायमध्ये एक खाच सहसा ९ मायक्रोसेकंदांची असते. वाय-फाय चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून कायम लहान आकडा निवडणाऱ्याला केक रोखू शकत नाही, कारण तो माध्यमच बळकावतो. राया, हुबो आणि आद या संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेली ‘डोमिनो’ पद्धत अशा उपकरणाच्या थांबण्याच्या काळावर अ‍ॅक्सेस पॉइंटवरूनच (वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्रावरूनच) नजर ठेवून त्याला ओळखते आणि त्यासाठी प्रोटोकॉल बदलावा लागत नाही. ही सोय राउटरमध्ये तयार मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते. अभ्यासिकेतली अडचण मात्र डाउनलोडचीच होती आणि ती सुटली.

राउटर घेण्यापूर्वी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरण-सूचीत नेमके मॉडेल आणि त्याची आवृत्ती तपासावी. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम असलेली स्वस्त यंत्रे टाळावीत; जोडणी वेगवान फायबरची असेल तर प्रोसेसरही दमदार हवा, अन्यथा केकमुळे वेग घटतो.