बर्लिनमध्ये कॅमेरा कुठे रोखावा: काँक्रीटच्या रानात की पायाखालच्या पितळेवर?

ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळचं, पीटर आयझेनमननं रचलेलं ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक 2005 साली खुलं झालं. काँक्रीटचे 2711 ठोकळे. तिरपं ऊन असलं की फोटो आपोआप चांगला येतो आणि तीच अडचण आहे: नुसत्या रेघा-सावल्या उरतात, माणसं हरवतात. ठोकळ्यांवर नावंही नाहीत. (वर चढून पोझ देणारे मात्र हमखास फ्रेममध्ये येतात.)

जर्मन कलाकार गुंटर डेमनिगचे ‘श्टॉल्परश्टाइनं’, म्हणजे ठेच लागणारे दगड, याच्या अगदी उलट. नाझींच्या बळींनी स्वतःच्या मर्जीनं निवडलेल्या शेवटच्या घरासमोर, फुटपाथमध्येच बसवलेली जेमतेम 10 सेंटिमीटरची पितळी पाटी. बहुतेकींवर ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, पुढे काय झालं ते. फोटोसाठी गुडघे टेकावेच लागतात. उन्हात पितळ चकाकतं, आपलीच सावली अक्षरांवर पडते. ढगाळ दिवस बरा. धूळ बसली असेल तर आधी फडक्यानं पुसा. एक फोटो जवळून घ्या, दुसरा पाटीमागच्या घराच्या दारासकट. नाहीतर घर कुठलं ते कळतच नाही.

एकच सकाळ हाताशी असेल तर मी दगडांकडे जाईन. ठोकळे काय, संध्याकाळीही दिसतात.